खांब, तुळई आणि कमान

श्रोतेहो, प्राचीन ग्रीक आणि रोमन लोकांच्या बांधकामाविषयी दोन शब्द सांगावेत, असं मनात आलं, तेव्हा पहिला प्रश्न असा पडला की सुरुवात कुठून करायची. अथेन्स दूर, रोमही दूर. आपल्यापैकी बहुतेकांनी ती नगरं चित्रातच पाहिलेली. बरं, नुसती नावं आणि सनावळ्या सांगत बसलो, तर पाचव्या मिनिटाला तुम्ही रेडिओचा कान पिरगाळून मोकळे व्हाल, आणि त्यात तुमची काही चूक नाही. म्हणून मी कसबा पेठेतून निघायचं ठरवलं आहे. कसबा ही पुण्याची सर्वांत जुनी पेठ. तांबटांच्या हातोड्यांचे आवाज, कुंभारवाडा, कसबा गणपती, आणि पेठेच्या कडेलाच उभा असलेला शनिवारवाडा. आता या पेठेच्या पोटातून भुयारी रेल्वे धावते, तरी एखाद्या बोळात वळलं की जुना वाडा अजून भेटतो. ज्याला वाडा नीट पाहता आला, त्याला ग्रीकांचं देऊळ निम्मं समजलं, असं माझं मत आहे. आणि उरलेलं निम्मं समजायला काय लागतं, ते मला एका सुताराने शिकवलं. ती हकीगत पुढे येईलच.

वाड्याच्या चौकात उभे राहा आणि खालून वर पाहत जा. जमिनीवर जोतं. जोत्यावर ठरावीक अंतराने घडीव दगड बसवलेले, ते तळखडे. तळखड्यावर सागवानी खांब. खांबाच्या माथ्यावर दोन्ही बाजूंना हात पसरल्यासारखं आडवं लाकूड, त्याला हस्त म्हणतात. हस्तावर तुळई. तुळईवर कड्या, कड्यांवर पाट, आणि पाटावर माती पसरून वरच्या मजल्याची भुई. दोन खांबांच्या मधल्या जागेला आपण खण म्हणतो, आणि घर केवढं हे सांगताना फूट न सांगता ‘पाच खणी’, ‘सात खणी’ असं सांगतो. घराचं मापच मुळी खांबांनी ठरलेलं.

ग्रीकांचं देऊळ याच व्याकरणाने लिहिलेलं आहे. खाली तीन पायऱ्यांचं जोतं, त्यावर खांब, खांबाच्या माथ्यावर भार पसरून घेणारी टोपी, तिच्यावर दगडी तुळई, तुळईवर एक नक्षीचा पट्टा, आणि सर्वांत वर दोन बाजूंना उतरतं छप्पर. छपराच्या पुढच्या टोकाला जो त्रिकोण तयार होतो, तो मूर्तींनी भरून काढायचा. आपण खण मोजतो, ते खांब मोजत. अथेन्सच्या टेकडीवरचं पार्थेनॉन हे अथीना देवीचं देऊळ. इसवी सनापूर्वी ४४७ मध्ये त्याचं काम सुरू झालं आणि मूर्तिकामासकट ४३२ च्या सुमारास पुरं झालं. त्याला समोर आठ आणि बाजूला सतरा खांब आहेत. एकेक खांब दहा मीटरांहून थोडा उंच, बुडाशी जवळजवळ दोन मीटर जाड. अखंड दगड नव्हे. जात्याच्या तळ्या एकावर एक ठेवाव्यात तसे संगमरवरी तुकडे रचलेले, आणि मध्ये चुना नाही की माती नाही. दगडावर दगड इतका घासून बसवलेला की दुसऱ्या कशाची गरजच पडली नाही.

इथे कुणी विचारील, वाड्याचा खांब वीतभर जाड आणि यांचे एवढे गलेलठ्ठ खांब, तेही इतके जवळजवळ, ते का? त्याचं उत्तर दगडाच्या स्वभावात आहे. दगड दाबला तर वाटेल तेवढा भार सोसतो. ओढला की तुटतो. आडवी तुळई भाराने वाकू लागते, तेव्हा तिचा वरचा भाग दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. लाकडाला ताण सोसतो, कारण त्यात धागा आहे. दगडाला धागा नाही. म्हणून दगडाची तुळई लांब टाकता येत नाही. पार्थेनॉनच्या दोन खांबांमधली मोकळी जागा जेमतेम अडीच मीटर, म्हणजे आठ फूट आहे. ग्रीक मंदिरात खांबांचं जंगल दिसतं, ते केवळ हौसेपोटी नव्हे.

मग दगडाला न मानवणारी ही रीत त्यांनी धरली कशाला? कारण मुळात ती लाकडाचीच रीत होती. ऑलिम्पिया इथल्या हेरा देवीच्या देवळाचे खांब आधी लाकडाचे होते. जसजसा एकेक खांब किडला, तसतसा त्याच्या जागी दगडाचा आला, आणि ज्या काळात जो बदलला, त्या काळच्या घडणीचा तो झाला. म्हणून तिथला एक खांब दुसऱ्यासारखा नाही. पॉसेनिअस नावाचा प्रवासी इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात तिथे गेला, तेव्हा मागच्या दालनात ओकच्या लाकडाचा एक जुना खांब अजून उभा होता, असं त्याने लिहून ठेवलं आहे. तुळईवरच्या पट्ट्यात थोड्या थोड्या अंतरावर तीन उभ्या रेघांचे ठोकळे दिसतात. व्हिट्रुव्हिअस हा रोमन वास्तुकार सांगतो की ती लाकडी कड्यांची टोकं! सुतारांनी कड्यांची कापलेली तोंडं फळ्यांनी झाकली, तीच पुढे पाथरवटांनी दगडात कोरली. लाकूड गेलं, आठवण राहिली.

हे ऐकून नवल वाटायला नको. आपल्या कार्ले-भाजे लेण्यांत हेच आहे. कार्ल्याचं चैत्य साधारण पंचेचाळीस मीटर लांब आणि चौदा मीटर उंच, सगळं एका डोंगरात कोरलेलं. त्याला छपराला आधार म्हणून वासे लागण्याचं कारणच नाही. वर आख्खा डोंगर आहे. तरीही छताला लाकडी कमानी वासे बसवलेले आहेत, आणि त्यांतले कितीतरी मूळचे, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे आहेत. लोणावळ्याच्या बाजूला कधी गेलात, तर ते डोळ्यांनी पाहा. माणसाचा हात जुनी सवय लवकर सोडत नाही.

कार्ल्याचा उल्लेख आला आहे, तर एक गोष्ट जाता जाता सांगतो. तिथल्या कित्येक खांबांवर दात्यांची नावं कोरलेली आहेत, आणि त्यांत धेनुकाकट गावचे ‘यवन’ आहेत. यवन म्हणजे त्या काळी मुख्यतः ग्रीक, किंवा त्या बाजूचे लोक. नाशिक आणि जुन्नरच्या लेण्यांतही यवनांची दानं आहेत. म्हणजे ग्रीक खांब पाहायला अथेन्सला जायला नको, असं म्हणावंसं वाटतं. पण तसं नाही. पैसा यवनांचा असेल, खांब मात्र पुरता इथला आहे. बुडाशी घट, वर अष्टकोनी दांडा, त्यावर उपड्या घंटेसारखं कमळ आणि माथ्यावर हत्तींवर बसलेली जोडपी. यात ग्रीक असं काही नाही. कुठे परदेशी नाव दिसलं की आपल्या कारागिराचं श्रेय उचलून परक्याला देण्याची एक खोड आपल्या शिकलेल्या लोकांना आहे. ती इथे चालत नाही.

आता खांबांच्या जाती. शाळेच्या पुस्तकात तीन नावं येतात: डोरिक, आयोनिक आणि कोरिंथियन. मुलं ती घोकतात आणि परीक्षेनंतर विसरतात. ओळखण्याची खूण सोपी आहे. खांबाचा माथा पाहायचा. डोरिक माथा साधा, बशीवर पाट ठेवल्यासारखा. हा खांब ठेंगणा, भक्कम, अंगावर उभ्या पन्हळी, आणि याला तळखडा नसतो. थेट जोत्यावर उभा. आपल्याकडे लाकडाला ओल आणि वाळवी लागते म्हणून तळखडा हवाच. दगडाला त्याची भीती नाही. आयोनिक अधिक सडपातळ, त्याला तळखडा असतो, आणि माथ्यावर दोन्हीकडे गुंडाळी, एखादी पोथी दोन्ही टोकांनी गुंडाळावी तशी. कोरिंथियनच्या माथ्यावर पानंच पानं. या पानांची एक कथा व्हिट्रुव्हिअस देतो. कोरिंथ गावची एक उपवर मुलगी वारली. तिच्या दाईने मुलीच्या आवडीच्या चिजा टोपलीत भरून समाधीवर ठेवल्या आणि वरून एक कौल झाकलं. खाली एका काटेरी झुडपाचं मूळ होतं. वसंतात ते फुटलं, पानं टोपलीभोवती चढली आणि कौलाच्या कोपऱ्यांना अडून बाहेर वळली. तिकडून कॅलिमाकस नावाचा शिल्पी चालला होता, त्याने ते पाहिलं आणि खांबाच्या माथ्यावर तेच घडवलं. कथा खरी असो वा नसो, दाईची माया मात्र मनाला पटते.

या तिन्ही जातींत माझं मन डोरिकवर आहे. ज्यांना जमेल त्यांनी मुंबईला फोर्टात १८३३ साली पुरा झालेला टाउन हॉल पाहावा. एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय आहे तेच. तीस पायऱ्या चढून गेलं की आठ डोरिक खांब समोर उभे राहतात. जवळच्या टांकसाळीच्या दर्शनी भागाला आयोनिक खांब आहेत. ते रस्त्यावरूनच पाहावे लागतात. आणि कोरिंथियन हवे असतील, तर कुठे लांब जायला नको. कोणत्याही महामार्गावरच्या मंगल कार्यालयासमोर थांबा. सिमेंटचे साचे काढून केलेले, सोनेरी रंग दिलेले पानांचे खांब तिथे रांगेने उभे असतात. बोटाने टिचकी मारून पाहा. पुष्कळदा आतून पोकळ वाजतात.

ग्रीकांनी खांबावर केलेले कष्ट पाहिले की थक्क व्हायला होतं. अगदी सरळ खांब लांबून पाहिला, तर मधे बारीक झाल्यासारखा भासतो. म्हणून त्यांनी खांबाला मधे किंचित पोट दिलं. पार्थेनॉनचं जोतंही सपाट नाही. लांब बाजूला मध्यावर ते टोकांपेक्षा सुमारे अकरा सेंटिमीटर उंच आहे. खांब आतल्या बाजूला जरासे कललेले आहेत. डोळ्याला सरळ दिसावं म्हणून सगळं थोडं थोडं वाकडं केलेलं. आपले जुने पाथरवट दोरी-ओळंबा लावूनही शेवटी एक डोळा मिटून पाहतात, ते उगीच नाही.

वाड्यातल्या खांबाकडेही जरा थांबून पाहा. बुडाशी कमळाच्या पाकळ्या, मधे फुगीर, वर निमुळता होत गेलेला, माथ्यावर पुन्हा पानं. याला आपण सुरूचा खांब म्हणतो. ही तऱ्हा मोगलांकडून आपल्याकडे आली. काही अभ्यासकांचं म्हणणं आहे की शहाजहानच्या काळात मोगल कारागिरांनी ती युरोपातून आलेल्या चित्रांतून उचलली. ते खरं धरलं, तर रोमन खांबाचा एखादा लांबचा भाऊबंद आग्र्या-दिल्लीवरून फिरत फिरत कसब्यातल्या ओसरीवर येऊन उभा राहिला आहे.

आता ती सुताराची हकीगत. आठ-दहा वर्षांमागे कसब्यातला एक वाडा उतरवला जात होता. उतरवण्यापूर्वी मुलांना दाखवावा म्हणून मी कॉलेजच्या दहा-बारा विद्यार्थ्यांना घेऊन गेलो. चौकातल्या खांबांमध्ये सुंदर नक्षीच्या महिरपी होत्या. मी हात वर करून, अगदी वर्गातल्या थाटात सांगितलं, “ही पाहा कमान. रोमन लोकांनी हिच्या जोरावर साम्राज्य बांधलं. वरच्या मजल्याचा सगळा भार या कमानीने तोलला आहे.” शेजारी एक म्हातारा मिस्त्री विडी ओढत बसला होता. तो उठला, स्टुलावर चढला, दोन खुंट्या ठोकून काढल्या, आणि अर्धी महिरप हातात घेऊन खाली उतरला. वरची तुळई तसूभरही हलली नाही. “मास्तर,” तो म्हणाला, “ही नुस्ती शोभा हाय. भार समदा तुळईवर अन् खांबावर.” मुलं हसली. मीही हसलो, पण कान तापले होते. वीस वर्षं पुस्तकातून शिकवत होतो आणि डोक्यावरची फळी मला ओळखता आली नव्हती.

खरी कमान निराळी. ती पाचरीच्या आकाराच्या दगडांची असते. आधी लाकडी सांगाडा उभा करायचा, त्यावर दोन्ही बाजूंनी दगड रचत आणायचे, आणि माथ्यावर शेवटचा, चावीचा दगड बसवायचा. मग सांगाडा काढला तरी कमान पडत नाही. प्रत्येक दगड खाली पडू पाहतो, पण शेजारचा त्याला अडवतो; सगळे एकमेकांना दाबून धरतात. ताण कुठेच नाही, सगळा दाब. म्हणजे दगडाला जे सोसतं, तेवढंच कमान त्याच्याकडून मागते. मात्र हा दाब नुसता खाली जात नाही, बाजूलाही रेटतो. म्हणून कमानीच्या दोन्ही अंगांना जाड भिंत किंवा दुसरी कमान लागते. साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटांची विहीर, जी १७१९ ते १७२४ या काळात बांधली गेली, तिथल्या कमानी पाहिल्यात, तर हे मी सांगतो त्याहून लवकर कळेल.

कमान ग्रीकांना ठाऊक होती, पण देवळात त्यांनी तिला जागा दिली नाही. रोमनांनी तिचं सोनं केलं. कमानीमागे कमान लावत गेलं की लांबट घुमटी छत होतं. एका बिंदूभोवती फिरवली की घुमट. पूल, पाण्याचे पाट, स्नानगृहं, क्रीडागारं, सगळीकडे कमान. त्यांचा चुनाही जबर होता. नेपल्सजवळच्या पोझ्झुओलीची ज्वालामुखीची राख ते चुन्यात मिसळत. तो चुना पाण्याखालीसुद्धा घट्ट होई. आपल्याकडे बैलांच्या घाणीत चुना मळताना विटांची सुरखी घालत, तिचं कामही त्याच जातीचं. या चुन्यात दगडगोटे घालून त्यांनी रोमचं पँथिऑन उभं केलं. हेड्रिअन बादशहाच्या कारकिर्दीत, इसवी सन १२५ च्या आसपास ते पुरं झालं. घुमटाचा आतला व्यास त्रेचाळीस मीटरांहून थोडा अधिक, आणि जमिनीपासून उंचीही तेवढीच. वर जाताना दगड हलका हलका होत जातो आणि माथ्यावर चक्क उघडं भोक ठेवलं आहे. लोखंडाची सळई न घालता केलेला एवढा मोठा काँक्रीटचा घुमट आजवर दुसरा झालेला नाही. आपला विजापूरचा गोल घुमट याच्या तोडीचा आहे. पण तो दगड-विटांचा, आणि त्याची कहाणी आजच्या वेळात मावणार नाही.

मिस्त्रीने दिलेला धडा मला रोममध्ये उलटा वाचायला मिळाला, अर्थात पुस्तकातच. रोमचं कोलोसिअम इसवी सन ८० मध्ये खुलं झालं. त्याच्या बाहेरच्या अंगाला तीन मजले कमानींचे आहेत, आणि दोन कमानींच्या मधे भिंतीला चिकटलेले अर्धे खांब आहेत: खालच्या मजल्यावर डोरिकसारखे, मधे आयोनिक, वर कोरिंथियन. हे खांब भार घेत नाहीत. भार कमानींवर आणि त्यांच्यामधल्या जाड भिंतींवर, खांब शोभेचे. आमच्या वाड्यात खांब राबतो आणि कमान मिरवते. त्यांच्याकडे कमान राबते आणि खांब मिरवतो.

हे कळून काय मिळतं, असं कुणी विचारलं तर एक घडलेली गोष्ट सांगतो. त्याच पेठेत एका गृहस्थांनी वाड्याच्या पुढच्या बाजूला दुकान काढायचं ठरवलं. मधला खांब शटरच्या आड येत होता. गवंड्याने सांगितलं, वर कमान आहे, ती भार घेईल; खांब काढायला हरकत नाही. खांब कापला. पहिल्या दिवशी काही झालं नाही. चौथ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या आजींच्या लक्षात आलं की देव्हाऱ्यातलं निरांजन आपोआप एका बाजूला सरकतं आहे. आजी शहाण्या. त्यांनी घरातली माणसं आणि देव तेवढे खाली आणले. संध्याकाळी तुळई मोडली आणि दोन खण खाली आले. माणूस वाचलं, ते निरांजनामुळे. ज्या महिरपीवर भरवसा टाकला होता, ती दोन बोटं जाडीची फळी होती. माझ्या मिस्त्रीने काखेत मारून नेली होती तसलीच.

खेड्यातही जुनी घरं आहेत, जुन्या चावड्या आहेत, देवळांचे लाकडी सभामंडप आहेत. दार रुंद करायचं असतं, कपाटाला जागा हवी असते, आणि कुऱ्हाड खांबावर पडते. त्याआधी एवढं पाहावं: तुळईची टोकं कुठे टेकली आहेत? भार कोणत्या वाटेने जमिनीपर्यंत उतरतो? ती वाट बोटाने दाखवता आली, तर मगच हत्यार उचलावं.

शिक्षक मित्रांना एक सुचवतो. वर्गात दोन विटा ठेवून त्यांवर एक लांबट पट्टी टाका आणि मधोमध वजन ठेवत जा. एकदा लाकडाची पट्टी घ्या, एकदा तेवढीच वाळलेल्या मातीची. दोघींत काय फरक पडतो, ते मुलं स्वतः सांगतील. मग ओल्या मातीचे पाचरीसारखे सात तुकडे करून वाळवा, डब्याच्या पाठीवर रचून कमान करा, दोन्ही टोकांना पुस्तकांचे गठ्ठे लावा आणि डबा अलगद काढून घ्या. पहिल्यांदा पडेल. दुसऱ्यांदाही पडेल कदाचित. जेव्हा उभी राहील, तेव्हा एका बाजूचे गठ्ठे काढून पाहा.

आणि मुलांची सहल पुण्याला आलीच, तर शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यासमोर दहा मिनिटं उभं राहायला सांगा. पायाभरणी १७३० सालची. आतले महाल १८२८ च्या आगीत गेले, दरवाजा मात्र उभा आहे. खाली दगडाची भक्कम कमान, तिच्यावर नगारखाना, आणि नगारखान्याला लाकडी खांब आणि खांबांमध्ये महिरपी. मुलांना एवढंच विचारा: यांतली राबणारी कमान कोणती आणि मिरवणारी कोणती?